कंट्रोलरचा संगणक गेला, आता वाय-फायचं काय?

समजा, दवनीवाड्यातल्या एखाद्या शाळेत यूनिफायचे चार ॲक्सेस पॉइंट आहेत आणि कंट्रोलर असलेल्या संगणकाची हार्ड डिस्कच गेली. तरी वाय-फाय चालूच राहतं, कारण सेटिंग्ज प्रत्येक उपकरणात साठवलेल्या असतात. अडतं ते पासवर्ड बदलणं आणि नवं उपकरण जोडणं. त्यामुळे घाईने रीसेट करू नका.

आधी बॅकअप शोधा: यूएनएफ प्रकारची फाइल, पेनड्राइव्हवर किंवा जुन्या डिस्कवर. ती नव्या संगणकावरच्या कंट्रोलरमध्ये चढवा आणि संगणकाला जुनाच आयपी पत्ता द्या. उपकरणं त्याच पत्त्यावर, 8080 पोर्टवर, सतत हाक मारत असतात; ती आपोआप परततात. कंट्रोलरची आवृत्ती मात्र जुन्याहून कमी नको.

बॅकअप नसेल, तर नव्या कंट्रोलरला ती दुसऱ्याच्या ताब्यातली दिसतात. उपकरणांचा एसएसएच पासवर्ड कुणी वहीत लिहून ठेवला असेल, तर तो देऊन ताबा मिळतो. (सहसा कुणी लिहीत नाही.) तोही नसेल, तर शिडी लावायची, वीज चालू ठेवायची आणि रीसेटच्या छिद्रात सुमारे दहा सेकंद पिन दाबून धरायची. यात सगळं पुसलं जातं, म्हणून एकेक उपकरण घ्या. नव्या वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवलात, तर शिक्षकांचे फोन पुन्हा जोडत बसावं लागणार नाही.