तोंड दाबून बुक्क्यांचा मार

औषधाने एक रोग हटवावा आणि जाता जाता दुसरी व्यथा मागे ठेवावी, हा अनुभव वैद्यकाला नवा नाही. परंतु त्या व्यथेचे नावच चारचौघांत घेता येत नसेल, डॉक्टरांपुढेही जीभ अडखळत असेल, तर रोग्याची गत तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्यासारखी होते. नैराश्यावरील काही गोळ्या बंद केल्यानंतरही महिनोन्महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे, कामेच्छा व लैंगिक संवेदना परत न येणे ही अशीच एक व्यथा होय. तिच्यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न परदेशांत चालू आहेत. त्यांची दखल आपणही घ्यावयास हवी. कारण ही औषधे पणजी-मडगावच्या फार्मसींतूनही रोज विकली जातात.

अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या औषधाला १९८७ साली मान्यता मिळाली. मागोमाग सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटालोप्रॅम ही त्याच कुळातील औषधे आली. मेंदूतील पेशींच्या संधींत सिरोटोनिन हे द्रव्य अधिक काळ टिकवून धरणे, हे त्यांचे कार्य. जुन्या औषधांपेक्षा ती कमी धोक्याची ठरली आणि त्यांनी अनेकांचे संसार सावरले, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. गोळी चालू असताना कामभावना मंदावते, हेही डॉक्टरांना लवकरच कळून आले. इतके की याच कुळातील डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावरचा इलाज म्हणून वापरले जाऊ लागले. मात्र गोळी थांबली की सारे पूर्ववत होईल, असा सार्वत्रिक समज होता. तसे न झालेल्या रुग्णांच्या हकीकती २००६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या.

नैराश्यातही कामेच्छा लोपते. तेव्हा हा मूळ रोगच पुन्हा डोके वर काढीत असावा, असे उत्तर या रुग्णांना मिळत राहिले. ते सर्वस्वी गैर नव्हते, पण पुरेसेही नव्हते. जननेंद्रियाला येणारी बधिरता, जी पुष्कळांना गोळी सुरू केल्यावर अल्पावधीत जाणवते, ती काही नैराश्याचे नेहमीचे लक्षण नाही. नवजात उंदरांना अशी औषधे दिली असता मोठेपणी त्यांचे लैंगिक वर्तन मंद राहते, असेही प्रयोगांत दिसून आले. अखेर २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने, हा त्रास औषध थांबविल्यावरही टिकू शकतो, अशी सूचना माहितीपत्रकात घालण्यास सांगितले. पहिल्या हकीकतींपासून युरोपातील या इशाऱ्यापर्यंत तेरा वर्षे गेली!

टक्कल रोखणाऱ्या फिनास्टराइडची कथा याहून बोलकी आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत जन्मतः मुलगी वाटणारी अपत्ये वयात येताच पुरुषासारखी होतात, याचे कारण १९७४ साली उलगडले. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप घडविणारे एक विकर त्यांच्यात नीट कार्य करीत नव्हते. या लोकांची पुरःस्थ ग्रंथी लहानच राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही. तेच विकर अडविणारी गोळी मेर्क कंपनीने बनविली. अमेरिकेत १९९२ साली ती पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी आणि १९९७ साली टकलासाठी मान्य झाली. गोळी सोडल्यावरही लैंगिक तक्रारी राहिल्याची नोंद तिच्या माहितीपत्रकात २०१२ साली करावी लागली. केस राखण्यासाठी काय पणास लावीत आहोत, हे तोपर्यंत किती तरुणांना कोणी सांगितले असेल?

उपायाचे काय? आजमितीस सिद्ध उपाय नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सिल्डेनाफिल रक्तप्रवाह वाढविते. हरवलेली संवेदना वा इच्छा परत आणीत नाही. इटलीतील मिलान विद्यापीठात रॉबर्टो मेल्कांगी यांच्या गटाला फिनास्टराइडच्या पीडितांच्या रक्तात व मेंदू-मज्जारज्जूतील द्रवात चेताकार्यावर परिणाम करणाऱ्या काही स्टेरॉइडांचे प्रमाण बदललेले आढळले. पॅरोक्सेटिन दिलेल्या उंदरांवरही त्यांनी संशोधन केले आहे. डेव्हिड हीली या मनोविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने उपाय शोधणाऱ्यास एक लाख डॉलरचे बक्षीसही जाहीर झाले. या कामाचा पैसा बऱ्याच अंशी पीडितांनीच वर्गणी काढून उभा केला आहे. ज्या जुन्या औषधांचे एकस्वाधिकार केव्हाच संपले, त्यांच्या दुष्परिणामांवर कंपन्या आपणहून खर्च करतील, ही आशा भाबडी होय. हे काम सरकारी व विद्यापीठीय निधीनेच व्हावयास हवे.

आपल्याकडे तर प्रश्न मौनाचा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि या विषयावर सरळ मराठीत लिहिले म्हणून त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आता शंभर वर्षे होत आली, तरी नवविवाहित तरुण ही व्यथा सांगण्यापेक्षा जाहिरातबाज वैदूंचे उंबरे झिजवितो आणि घरात दोष सुनेच्या माथी मारला जातो. डॉक्टरांनी गोळी लिहिण्यापूर्वी आणि ती थांबविल्यानंतरही याविषयी दोन साधे प्रश्न विचारावेत. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आपल्या देशात आहे. रुग्ण स्वतःही तेथे तक्रार नोंदवू शकतो. बांबोळीच्या मनोविकार संस्थेसारख्या ठिकाणी अशा तक्रारींची पद्धतशीर नोंद झाली, तर संशोधनाला तेवढाच आधार मिळेल.

एक इशारा मात्र आवर्जून द्यावयास हवा. हे वाचून कोणी आपली गोळी एकाएकी बंद करू नये. नैराश्य जीवघेणे ठरू शकते आणि औषध सोडणे असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, क्रमाक्रमानेच सोडावे. परंतु गोळी घेणाऱ्याला तिचे पुरते मोल आधी कळले पाहिजे, आणि ते चुकविणे ज्याच्या वाट्यास आले, त्याचे म्हणणे कोणीतरी विश्वासाने ऐकून घेतले पाहिजे. इतके तर औषध सापडण्यापूर्वीही करता येण्याजोगे आहे.