तांदळाचे पोते, तेरावा पगार आणि फिलिपिन्सचा प्राप्तिकर

१९७७ साली अमेरिकेतल्या एका महिलेने फिलिपिन्समधल्या आपल्या बहिणीला हजार डॉलर पाठवले. बँकेच्या चुकीने तिच्या खात्यात दहा लाख डॉलर जमा झाले. पुढच्या वर्षी बहिणीच्या नवऱ्याने प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले आणि त्याला तळटीप जोडली : परदेशातून काही रक्कम आली, ती देणगी आहे असे मी मानले, पण ती चूक निघाली आणि आता न्यायालयीन वादात आहे. कर खात्याने ती रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली आणि वर फसवणुकीचा ५० टक्के दंडही ठोठावला. जावियर खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १९९१ मध्ये लागला आणि दंड रद्द झाला, कारण ज्याने स्वतःच तळटीप लिहिली त्याने काही लपवले असे म्हणता येत नव्हते. निकाल दंडापुरता होता. पण करकायद्याच्या अभ्यासकाला त्यात अधिक मूलभूत प्रश्न दिसतो : हातात पडलेला पैसा उत्पन्न कधी ठरतो आणि कधी नाही? फिलिपिन्सचा कायदा या प्रश्नाला एकाच यादीतून दोन वेगळी उत्तरे देतो आणि ती वेगळी आहेत हे मात्र कुठेच सांगत नाही. पगारदार माणसाच्या अनेक तक्रारींचे मूळ, माझ्या मते, या सरमिसळीत आहे.

फिलिपिन्समध्ये प्राप्तिकर आला तो अमेरिकी राजवटीबरोबर. १९१३ चा अमेरिकी कायदा वसाहतीलाही लागू झाला आणि पाच वर्षांच्या आत उत्पन्नाच्या व्याख्येचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. व्यापारी विसेंते माद्रिगाल यांनी १९१४ सालचे २,९६,३०२ पेसोंचे उत्पन्न दाखवले होते. पुढे त्यांनी म्हटले की हे पतिपत्नीच्या सामाईक मालमत्तेचे उत्पन्न असल्याने दोघांत निम्मे वाटून मगच कर आकारावा. १९१८ मध्ये न्यायालयाने ही मागणी फेटाळली. निकाल देताना भांडवल आणि उत्पन्न यांतला फरक सांगायला न्यायमूर्तींनी झाड आणि फळ यांची उपमा वापरली आणि तिथल्या विधी महाविद्यालयांत ती अजून पाठ केली जाते. १९२२ च्या फिशर खटल्यात हाच धागा पुढे गेला : कंपनीने भागधारकाला लाभांश म्हणून रोख न देता नवे शेअर दिले, तर त्याच्या हाती काहीच नवे येत नाही, जुन्याच हिश्शाचे जास्त तुकडे होतात, म्हणून ते उत्पन्न नव्हे. वाढ झाली पाहिजे, ती प्रत्यक्ष हाती आली पाहिजे आणि ती भांडवलाची नुसती परतफेड नसावी, एवढे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच पक्के झाले होते.

आज लागू असलेली राष्ट्रीय अंतर्गत महसूल संहिता १९९७ ची. तिच्या ३२ व्या कलमाचा पहिला भाग उत्पन्नाचे जाळे शक्य तितके रुंद पसरतो : कुठल्याही मार्गाने आलेले सगळे उत्पन्न. पगार, धंदा, भाडे, व्याज, निवृत्तिवेतन ही नावे केवळ उदाहरणादाखल. त्याच कलमाचा दुसरा भाग या जाळ्यातून काय सोडायचे ते सांगतो आणि ३१ वे कलम उरलेल्यातून वजावटी काढून करपात्र उत्पन्न ठरवते. वाचायला हे सरळ वाटते. पण नोकरदाराच्या बाबतीत वजावटींची पायरी जवळजवळ नाहीच. स्वतंत्र व्यावसायिक प्रत्यक्ष खर्च वजा करू शकतो, नाहीतर ४० टक्क्यांची सरसकट वजावट घेतो. उलाढाल ३० लाख पेसोंच्या आत असेल तर ८ टक्क्यांचा सोपा कर निवडतो. नोकरदाराला यांतले काहीच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या सुधारणेने त्याची ५०,००० पेसोंची वैयक्तिक सूट आणि मुलांमागे मिळणारी २५,००० ची सूटही काढून घेतली आणि त्याबदल्यात पहिल्या अडीच लाख पेसोंवर शून्य कर ठेवला. त्यामुळे त्याचा कर कमी करणारी एकच गोष्ट शिल्लक उरते : दुसऱ्या भागातली यादी.

ही यादी नीट वाचली तर तिच्यात दोन जातींची कलमे एकत्र बसलेली दिसतात. आयुर्विम्याची मृत्यूनंतर मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांची परतफेड, अपघात किंवा आजाराबद्दलची भरपाई, देणगी आणि वारसा ही पहिली जात. यांत मुळात उत्पन्नच नाही. विमेदाराने आयुष्यभरात दीड लाख भरले आणि मुदतीअंती दोन लाख मिळाले, तर कायदा वरच्या पन्नास हजारांनाच हात लावतो. शरीराच्या इजेबद्दलची भरपाई करमुक्त, पण बुडालेल्या नफ्याबद्दलची भरपाई करपात्र. कारण पहिली गमावलेले परत देते, दुसरी जे मिळालेच असते त्याची जागा घेते. देणगीचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ठार केलेले पिरोवानो हे दे ला रामा या जहाज कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांच्या विम्याची ६,४३,००० पेसोंची रक्कम कंपनीला मिळाली आणि तिने ती त्यांच्या अल्पवयीन मुलांना द्यायचे ठरवले. पूर्वीच्या सेवेबद्दलची कृतज्ञता म्हणजे देणे लागत असलेले वेतन नव्हे, म्हणून ही देणगीच, असे १९६५ मध्ये न्यायालयाने ठरवले आणि तिच्यावर देणगी-कर लावला. तर्क काटेकोर आहे : पैसा एका कराच्या कक्षेबाहेर गेला तो दुसऱ्या कराच्या कक्षेत आला म्हणून, कुणाला दया आली म्हणून नव्हे.

दुसऱ्या जातीची कलमे उघडपणे उत्पन्न आहेत. राज्याने ती सोडून दिली आहेत एवढेच. तेरावा पगार हे ठळक उदाहरण. फर्डिनांड मार्कोस यांनी डिसेंबर १९७५ मध्ये हुकूम काढून महिना हजार पेसोंपर्यंत पगार असलेल्यांना वर्षाच्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा नाताळापूर्वी देणे मालकांवर बंधनकारक केले; १९८६ मध्ये कोराझोन अकिनो यांनी ती हजाराची अट काढली. (आपल्याकडच्या बोनस कायद्यातला किमान ८.३३ टक्के हा आकडाही बारावा हिस्साच. फरक एवढाच की दिवाळीचा बोनस आपल्याकडे पूर्ण करपात्र असतो.) तेरावा पगार आणि इतर बोनस मिळून ९०,००० पेसोंपर्यंत करमुक्त. त्याशिवाय किरकोळ लाभांची वेगळी यादी आहे आणि ती वाचताना एखाद्या घराचा जमाखर्च वाचल्यासारखे वाटते. २०१८ च्या नियमांत तिच्या मर्यादा अशा होत्या : महिन्याला २,००० पेसो किंवा ५० किलो तांदळाचे एक पोते, धुलाईसाठी ३०० पेसो, नाताळच्या भेटीसाठी वर्षाला ५,०००, रात्रपाळीच्या जेवणासाठी किमान वेतनाच्या पाव हिश्शापर्यंत. मालकाने तांदूळ म्हणून दोन हजार दिले तर कर नाही. तेच दोन हजार पगारात वाढवले तर आहे. पैसा तोच, घरात शिजणारा भातही तोच.

हिशोब मांडून पाहू. मनिलातल्या एका नोकरदाराचा मूळ पगार महिना ४०,००० पेसो. वर्षाचे ४,८०,०००, तेरावा पगार ४०,०००, नाताळचा बोनस ६०,००० आणि तांदळाचे २४,००० मिळून ६,०४,०००. २०२५ च्या दरांनी सामाजिक सुरक्षा, आरोग्य विमा आणि गृहनिधी यांचे त्याचे हप्ते वर्षाला ३५,४०० होतात. तेही यादीत आहेत. तांदूळ पूर्ण सुटतो. बोनस आणि तेरावा पगार मिळून एक लाख, त्यातले ९०,००० सुटतात. करपात्र उरतात ४,५४,६०० आणि त्यावर कर ३३,४२० पेसो. यादीच नसती तर तो ६३,३०० झाला असता. म्हणजे त्याच्या कराचा जवळपास अर्धा भाग या यादीवर ठरतो आणि जे सुटले त्यातला मोठा वाटा दुसऱ्या जातीचा, मर्यादांनी बांधलेला.

यावर पहिला आक्षेप वकिलांचा. करमाफीचा अर्थ नेहमी करदात्याच्या विरुद्ध, काटेकोरपणे लावायचा असा नियम फिलिपिन्सच्या न्यायालयांनी वारंवार सांगितला आहे. मग जातींचा भेद कशाला? याचे उत्तर न्यायालयानेच दिलेले आहे. कास्तान्येदा हे लंडनच्या दूतावासात खुद्द कर खात्याचेच प्रतिनिधी होते. १९८२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा न वापरलेल्या रजेच्या पैशांतून त्यांच्याच खात्याने सुमारे साडेबारा हजार पेसो कापून घेतले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत द्यायला लावले : निवृत्तीच्या वेळी मिळणारे रजेचे पैसे हे चालू पगाराचा भाग नव्हेत, म्हणून करपात्र उत्पन्न नव्हेत. जे उत्पन्नच नाही त्याला माफी मागावी लागत नाही आणि काटेकोर अर्थाचा नियम तिथे उभाच राहत नाही. तो दुसऱ्या जातीला लागू आहे, आणि तिथेही अमर्याद नाही. २००८ च्या कायद्याने किमान वेतनावरील कामगाराचे वेतन, सुट्टीच्या दिवसाचे आणि जादा वेळेचे पैसे, रात्रपाळी व जोखीम भत्ता करमुक्त केला. कर खात्याने नियम करताना स्वतःची अट घुसडली : इतर लाभ तीस हजारांवर गेले तर ही सवलत संपूर्णच जाईल. २०१७ मध्ये सोरियानो खटल्यात न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवली. कायदेमंडळाने दिलेले खात्याने नियमांच्या आडून काढून घ्यायचे नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्र्यांचा आणि तो अधिक वजनदार. अडीच लाखांपर्यंत कर शून्य असताना ९०,००० ची सूट गरिबाच्या काय कामाची? तिचा लाभ वरच्यालाच जास्त. हे खरे आहे. १५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे तिच्यामुळे फार तर १३,५०० पेसो वाचतात, ३५ टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ३१,५००, आणि किमान वेतनावरच्याचे शून्य. दुसऱ्या जातीची सवलत उत्पन्नातून वगळून देण्याऐवजी सर्वांना सारख्या रकमेची करसवलत म्हणून दिली तर ते अधिक न्याय्य होईल, हे मी मान्य करतो. पण म्हणून आहे त्या मर्यादेला महागाईत झिजू देणे ही सुधारणा होत नाही. कायदेमंडळाने मत न देताच झालेली ती करवाढ आहे. आणि झीज वरच्यालाच लागते असेही नाही. २०१८ च्या सुरुवातीला मनिलातले किमान वेतन रोज ५१२ पेसो होते. वर्षाचे ३१३ दिवस धरले तर १,६०,२५६, म्हणजे अडीच लाखांच्या ६४ टक्के. जुलै २०२५ पासून ते ६९५ झाले आणि तोच हिशोब २,१७,५३५ वर, म्हणजे ८७ टक्क्यांवर गेला. किमान वेतनाच्या थोडा वर पगार असलेला, म्हणून २००८ च्या संरक्षणाबाहेर पडलेला कामगार शून्याच्या टप्प्यातून हळूहळू वर ढकलला जातो आहे, त्याच्या ताटात काही जास्त पडलेले नसतानाही.

यादीत या दोन टोकांच्या मधलीही काही कलमे आहेत. साहित्य, कला, विज्ञान, समाजकार्य यांतल्या कामगिरीचा सन्मान करमुक्त, पण दोन अटींवर : मानकऱ्याने निवडीसाठी स्वतः काही केलेले नसावे आणि पुढे भरीव काम करण्याचे बंधन नसावे. विनोबांना १९५८ मध्ये, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मनिलात जाहीर झालेल्या मॅगसेसे पुरस्काराची जात डोळ्यांसमोर आणली की ही अट कुठून आली ते कळते : मागून मिळवलेले बक्षीस ही कमाई, न मागता आलेला सन्मान ही देणगी. खेळांत मात्र कायदा ही कसोटी सोडतो आणि राष्ट्रीय क्रीडा संघटनेने मान्यता दिलेल्या स्पर्धांची बक्षिसे मोकळी करतो. व्यावसायिक मुष्टियुद्धातली कमाई त्यात बसत नाही. मॅनी पाक्यावच्या २००८ आणि २००९ च्या कमाईवर कर खात्याने सुमारे २२० कोटी पेसोंची मागणी केली होती आणि २०१३ मध्ये त्याची बँक खाती गोठवली. कर-अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ती आकारणी रद्द केली. त्याचे बहुतेक पैसे अमेरिकेतल्या लढतींचे. पण निवासी नागरिकाला जगभरच्या उत्पन्नावर कर असतो. त्याच अमेरिकेत हॉटेलात राबणाऱ्या, परदेशी नोकरीतल्या फिलिपिनोच्या पगाराला १९९७ च्या संहितेने हात लावलेला नाही. परदेशी मार्गांवरच्या जहाजांवरचे खलाशीही याच गटात. कोकण-गोव्याच्या खलाशाला मात्र भारतीय कायद्याखाली तो वर्षातले किती दिवस देशाबाहेर होता ते मोजून दाखवावे लागते.

तिसरा आक्षेप खात्याचा : ठरावीक आकडा सोपा असतो, निर्देशांकाला बांधला की गोंधळ होतो आणि महसूल आटतो. इतिहास वेगळे सांगतो. १९९७ च्या संहितेत बोनसची मर्यादा ३०,००० होती आणि महागाई पाहून ती वाढवण्याचा अधिकार अर्थमंत्र्यांना दिलेला होता. सतरा वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही. २०१५ मध्ये कायदेमंडळालाच ती ८२,००० वर न्यावी लागली. त्या वेळी मंत्र्याच्या मर्जीवर न सोडता दर तीन वर्षांनी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार मर्यादा वाढवण्याचे कलमही घातले. पहिली तीन वर्षे पुरी होण्याआधीच २०१७ च्या सुधारणेने मर्यादा ९०,००० केली आणि ते कलम गाळून टाकले. आठ हजारांच्या बदल्यात कायमची हमी गेली. त्या वेळच्या चर्चेत करदरांतली कपात इतकी गाजत होती की या अदलाबदलीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे. निर्देशांकाचा गोंधळ म्हणावा, तर त्याच संहितेत घरविक्रीवरील मूल्यवर्धित कराच्या माफीची मर्यादा निर्देशांकाला बांधलेली आहे आणि ती वाढत वाढत २०२४ पासून ३६ लाख पेसोंवर आली आहे. सिगारेटच्या पाकिटावरचे उत्पादन शुल्क २०२३ मध्ये ६० पेसो झाले आणि २०२४ पासून ते दर जानेवारीला ५ टक्क्यांनी आपोआप वाढावे असा कायदा आहे. तेराव्या पगाराचा आकडा मात्र २०१८ मध्ये होता तिथेच आहे.