मोबाईल वापरणारे आपण, घडवणारे कधी होणार?



परभणीच्या कोणत्याही वस्तीत जा. मोंढ्यातल्या हमालाच्या, बांधकामावरच्या मजुराच्या, धुणीभांडी करणाऱ्या मायबहिणीच्या हातात आज मोबाईल आहे. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल संवाद झाला. त्या वेळचे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मंत्र्यांच्या हातातली ती वस्तू तीस वर्षांत मजुराच्या खिशात आली. वापरण्याच्या बाबतीत बरीचशी समता आली असे म्हणता येईल. पण ही वस्तू घडवण्याच्या कामात आपली मुले किती आहेत? हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांनी स्वतःला विचारावा.

चिप म्हणजे काय?

मोबाईलचा जीव त्याच्या चिपमध्ये असतो. वाळूपासून सिलिकॉन नावाचे मूलद्रव्य काढतात. ते अतिशुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या पाडतात. हा अर्धवाहक पदार्थ आहे. त्यातून वीज कधी जाऊ द्यायची आणि कधी अडवायची, हे ठरवता येते. अशी उघडझाप करणारे अतिसूक्ष्म खटके म्हणजे ट्रान्झिस्टर. आजच्या महागड्या मोबाईलच्या नखाएवढ्या चिपवर असे हजार कोटींहून अधिक खटके असतात.

एवढे खटके हाताने कागदावर काढणे शक्य नाही. म्हणून अभियंते संगणकावर आराखडा करतात आणि चिप बनण्यापूर्वीच ती नीट चालेल की नाही, हे संगणकावर तपासतात. घराची भिंत चुकली तर पाडून पुन्हा बांधता येते. चिप एकदा कारखान्यातून तयार होऊन आली की तिच्यात खाडाखोड नाही. चूक राहिली तर महिने वाया जातात आणि मोठा पैसा बुडतो.

हत्यारे कोणाच्या हाती?

सुताराला जशी करवत, तशी चिपच्या अभियंत्याला ही सॉफ्टवेअरची हत्यारे. जगात या धंद्याचा मोठा वाटा सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स या तीन कंपन्यांकडे आहे. त्यांची किंमत साध्या महाविद्यालयाला झेपत नाही. २०१९ पासून अमेरिकेने चीनच्या ह्वावे कंपनीवर निर्बंध आणले, तेव्हा एवढ्या बलाढ्य कंपनीलाही आराखड्याची साधने आणि चिप मिळणे अवघड झाले. ज्याच्या हाती हत्यार, त्याच्या हाती सत्ता, हा धडा आपल्या समाजाला नवा नाही. पूर्वी अक्षराची सत्ता मूठभरांकडे होती. आता ही नवी अक्षरे आली आहेत.

पवईचा ‘अजित’

हे काम आपल्या राज्यातही झाले आहे. मुंबईच्या पवई येथील आयआयटीमध्ये प्रा. माधव देसाई यांच्या चमूने ‘अजित’ नावाचा प्रोसेसर तयार केला. २०१९ मध्ये तो जाहीर झाला. आराखडा पवईत झाला आणि चिप मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनली. आराखड्यासाठी वापरलेली ‘अहिर’ ही साधनेसुद्धा याच चमूने संस्थेत विकसित केली होती. म्हणजे वस्तूही आपली आणि हत्यारही आपले!

ही चिप १८० नॅनोमीटर तंत्राची आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीचे चारशे-पाचशे भाग केले तर एक भाग साधारण तेवढा होतो. आजच्या मोबाईलच्या चिपपुढे हे तंत्र जुनेच. पण सिग्नलचे दिवे, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, यंत्रांचे नियंत्रण अशा कामांना ते पुरते. मोठ्या प्रमाणावर बनवल्यास एका चिपची किंमत शंभर रुपयांच्या आसपास येईल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता.

गिऱ्हाईक ओळखणारा हवा

हुशार आराखडा करून भागत नाही. गिऱ्हाईकाला काय हवे, हे अभियंत्याला कळावे लागते. २००३ मध्ये नोकिया कंपनीने ११०० नावाचा साधा फोन काढला. त्यात बॅटरी होती, बटणांत धूळ जात नव्हती, ओल्या हातातून तो सहज निसटत नव्हता. भारतासारख्या देशांतील सामान्य माणूस डोळ्यांसमोर ठेवल्याने जगभरात तो २५ कोटींच्या आसपास खपला.

आपल्या मराठवाड्यात शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते. अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला त्या उजेडाची किंमत विचारा. निरक्षर आजीला फोन कसा वापरता येईल? गटारीत उतरण्याआधी विषारी वायू ओळखणारे स्वस्त यंत्र प्रत्येक सफाई कामगाराकडे का नाही? हे प्रश्न ज्याने घरात पाहिले, तो आराखड्याच्या टेबलावर बसला पाहिजे. दुसरा कोणी ते आपल्यासाठी आपणहून विचारेल, या आशेवर बसू नये.

बाबासाहेब आणि यंत्र

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यंत्राचे विरोधक नव्हते. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, यावरील १९४५ च्या ग्रंथात त्यांनी हा विषय सविस्तर मांडला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती वाढत नाही. दोष यंत्राचा नसून, नफा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. म्हणून यंत्र मोडू नका, रचना बदला, असा त्यांच्या मांडणीचा आशय. आज मोबाईलमुळे पोरे बिघडली म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

आपण काय करावे?

दहावीनंतर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेता येते. पुढे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात तिची चौकशी वेळेवर करावी. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमातून महागडी साधने देशातल्या अनेक महाविद्यालयांना मिळू लागली आहेत. आपले महाविद्यालय त्यात आहे का, हे मुलांनी विचारावे. नसेल तर एकत्र येऊन मागणी करावी.

तोवर थांबायचीही गरज नाही. पवईच्याच आयआयटीने ‘ई-सिम’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध केले आहे. साधे सर्किट संगणकावर जोडून तपासण्याचा आणि सर्किट बोर्डाचा आराखडा करण्याचा अभ्यास त्यावर होतो. जयंतीच्या वर्गणीतून एक डीजे कमी करून विहारात एक जुना संगणक आणता येणार नाही का? मुलगा असो वा मुलगी, संध्याकाळी दोन तास तिथे बसू द्या.

फोन दुरुस्त करणारी, फोन विकणारी आपली मुले कष्टाची भाकर खातात. त्यांचा मान आहेच. पण त्यांच्या धाकट्या भावा-बहिणींनी फोन उघडून आतल्या चिपकडे पाहावे आणि ‘ही मी आखू शकतो’ असे म्हणावे. त्यासाठी लागणारे पुस्तक, फी आणि धीर देणे हे आपले, मोठ्यांचे काम आहे.

जयभीम!