बाईंचे एम.ए. आणि घरचे दीड तास

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक तरी माणूस शाळेत नोकरीला आहे. कुणाचा मुलगा गुरुजी, तर कुणाची सून बाई. जिरायती शेतीला त्या पगाराचा केवढा आधार असतो, हे तुम्हाला सांगायला नको. अशा घरात एके दिवशी जेवताना बाई म्हणतात, "मी एम.ए.ला नाव घालते आहे. नोकरी सोडायची नाही. सगळे ऑनलाइन असते." घरचे म्हणतात, "घाल की! मोबाइल तर हातातच असतो." हिशेब चुकतो तो इथेच.

नंदुरबार जिल्ह्यातले काठी घ्या. अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या डोंगरातले हे गाव राजवाडी होळीसाठी नावाजलेले. जवळची बाजारपेठ मोलगी, आणि खाली तालुक्याला उतरायचे तर देवगोई घाट. अशा ठिकाणी दिवसा शाळा सांभाळायची आणि दिवसाच कॉलेजच्या वर्गात बसायचे, हे एका माणसाच्याने होणारे नाही. म्हणून घरी राहून मिळणारी पदवी पुण्या-मुंबईपेक्षा काठीसारख्या गावाला अधिक मोलाची.

ही सोय आजची नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, निघाले आणि १९८९ मध्ये नाशिकला आपले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. पुढे पोस्टमनच्या जोडीला मोबाइल आला. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम केले, आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा "ऑनलाइनच्या पदवीला कोण विचारतो?" असे कोणी पारावर म्हणाले, तर ते मनावर घेऊ नका.

आता खरा हिशेब. दोन वर्षांचे एम.ए. साधारणपणे ८० श्रेयांकांचे असते, आणि मुक्त विद्यापीठांच्या मापाने एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे एकूण २४०० तास. दोन वर्षांत पुरे करायचे म्हटले तर आठवड्याला २३ तास होतात. शाळा, तिथली कागदपत्रे, घरचा स्वयंपाक, गुरेढोरे हे सारे करून हे २३ तास कोठून आणायचे? पुष्कळजण पहिल्याच परीक्षेला गळतात ते यामुळे. बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. पण इग्नूत हेच एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरे करता येते. मग आठवड्याला साडेअकरा तास पुरतात. रोज दीड तास आणि रविवारी अडीच तास. आमचे स्पष्ट मत असे की, नोकरी करणाऱ्याने चार वर्षांचाच बेत करावा. लवकर झाले तर दुधात साखर.

हा दीड तास मात्र घराने द्यावा लागतो. मुलगा अभ्यासाला बसला की घरात आपोआप शांतता होते. सून बसली की कोणाला तरी चहा आठवतो! पहाटेचा दीड तास तिचा, असे एकदा ठरले की त्या वेळी चूल दुसऱ्याने पेटवावी. सासूबाईंनी हे मनावर घेतले तर अर्धे एम.ए. तिथेच झाले म्हणा.

शेताचे वेळापत्रकही पाहायला हवे. इग्नूच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. जून म्हणजे पेरणी. त्याआधी चैत्र-वैशाखात डोंगरातली घरे मोहाची फुले वेचण्यात आणि आमचूर वाळवण्यात गुंतलेली. त्यात घाटाखालचे परीक्षा केंद्र मिळाले आणि पाऊस लागला, तर जाण्यायेण्याचीच चिंता. म्हणून जड पेपर डिसेंबरला ठेवावेत. तोवर खरीप घरात आलेला असतो. जूनला एखाददुसराच पेपर द्यावा. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तेव्हा दुपारी स्वाध्याय लिहून टाकावेत. इग्नूत बहुतेक विषयांना स्वाध्यायाचे ३० टक्के गुण असतात आणि तेच लोक शेवटच्या रात्री उरकतात.

रेंजचे रडगाणे खोटे नाही. डोंगराच्या एका अंगाला मोबाइल बोलतो, दुसऱ्या अंगाला मुका होतो. तेव्हा सगळी भिस्त थेट व्याख्यानावर ठेवू नये. इग्नूची पुस्तके 'ई-ज्ञानकोश' या ठिकाणी फुकट मिळतात. मोलगीच्या बाजाराला गेल्यावर महिन्याची पुस्तके उतरवून आणावीत. मराठीतून शिकायचे तर नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तके आहेत. सरकारच्या 'स्वयंप्रभा' वाहिन्या फ्री डिशवर दिसतात. त्यांना मोबाइलची रेंज लागत नाही, आणि नवा पाठ दिवसातून आणखी पाच वेळा दाखवतात. सकाळचा हुकला तर रात्री पाहावा.

पैसे भरण्याआधी एक करून पाहा. २०१७ पासून 'स्वयं' या सरकारी ठिकाणी एकेक विषय फुकट शिकता येतो. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क पडते. असा एक विषय नेटाने पुरा झाला, तर एम.ए. झेपेल. तोच अर्ध्यावर राहिला, तर निदान फीचे पैसे तरी वाचले.

एम.ए. कशासाठी, हेही घरात मोकळेपणी बोलावे. अकरावी-बारावीला शिकवायचे तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात, आणि बी.एड. ऑनलाइन मिळत नाही. वरिष्ठ महाविद्यालयात जायचे तर ५५ टक्के गुण (आदिवासी उमेदवाराला ५० टक्के) आणि शिवाय नेट किंवा सेट. नुसत्या एम.ए.ने प्राथमिक शिक्षकाचा पगार दुसऱ्या दिवशी वाढतो, अशा समजुतीत राहू नये. दुसरीकडे, ज्या बाईंच्या पहिलीतली पोरे घरी भिली बोलतात आणि शाळेत पुस्तकी मराठीपुढे गप्प बसतात, त्यांनी भाषा किंवा शिक्षणशास्त्र घेतले, तर शिकलेले दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता येते. प्रकल्पासाठी गावही हाताशीच. पोरे आमचुराचा भाव तोंडी बरोबर सांगतात आणि फळ्यावरच्या वजाबाकीला अडतात, ते का, एवढे शोधले तरी मोठे काम होईल.

"आमच्याकडे नाव घाला, परीक्षेचे आम्ही पाहतो," असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला ओटीवरूनच परत पाठवावे. दलाला-फ्रँचायजीमार्फत प्रवेश देणे नियमात बसत नाही. संस्थेला त्या वर्षाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावे आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावी. २०२४ पासून प्रवेशाआधी 'डेब आयडी' नावाचा क्रमांकही काढावा लागतो. तो फुकट निघतो, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

राहता राहिली नोकरीतली परवानगी. ती प्रवेशाआधी लेखी घ्यावी आणि तिची प्रत घरी ट्रंकेत जपावी. जुलैच्या सत्राला नाव घालायचे असेल, तर अर्ज होळीच्या सुमारासच द्यावा. कागद पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत जाऊन परत यायला वेळ लागतो, आणि मे महिन्यात साहेब लोक रजेवर असतात.