एका चषकाचे दोन धडे

खुल्या स्पर्धेत लहानथोर सारे एका रेषेवर उभे राहतात, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. व्यवहारात असे दृश्य क्वचितच दिसते. ज्याच्यापाशी भांडवल असते त्याच्यापाशीच ते वाढत जाते आणि रेषा कागदावरच राहते. फुटबॉलच्या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धा या नियमाला अपवाद आहेत काय, हा प्रश्न 1999-2000 या हंगामाने मोठ्या नाट्यमय रीतीने पुढे आणला. त्या एकाच हंगामात इंग्लंडमधील सर्वांत बलाढ्य क्लबाने राष्ट्रीय चषकाकडे पाठ फिरवली आणि फ्रान्समध्ये चौथ्या श्रेणीतील एक हौशी क्लब चषकाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचला.

फ्रेंच चषकाची स्पर्धा 1917-18 मध्ये, पहिले महायुद्ध चालू असतानाच सुरू झाली. युद्धात मारले गेलेले फुटबॉल संघटक शार्ल सिमाँ यांच्या स्मृतीशी ती जोडलेली आहे. व्यावसायिक क्लबांइतकीच ती खेड्यापाड्यांतील क्लबांनाही खुली आहे. प्राथमिक फेऱ्यांतून गाळून आलेल्या संघांना पुढे बड्या क्लबांशी दोन हात करण्याची संधी मिळते. बहुतेकांची वाटचाल तेथेच थांबते. कॅलेची मात्र थांबली नाही.

कॅले हे इंग्लिश खाडीवरचे बंदर. एके काळी लेस विणण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले हे कामगारांचे शहर. त्याच्या संघातील खेळाडू पोटापाण्यासाठी इतरत्र राबत. कोणी कचेरीत कारकून, कोणी शिक्षक, कोणी गोदीत कामाला. प्रशिक्षक लादिस्लास लोझानो यांच्या या संघाने दुसऱ्या श्रेणीतील लील आणि कान या क्लबांना पेनल्टीच्या फटक्यांवर बाद केले. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या श्रेणीतील स्ट्रासबर्गवर 2-1 अशी मात केली. उपांत्य फेरीत गाठ पडली ती आदल्याच वर्षी राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकलेल्या बोर्दोशी. लाँस येथील त्या सामन्यात कॅलेने जादा वेळेत 3-1 असा विजय मिळवला आणि सारा फ्रान्स स्तिमित झाला.

7 मे 2000 रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर अंतिम सामना झाला. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक उपस्थित होते. समोर होता गतविजेता नाँत. 34 व्या मिनिटाला जेरोम द्युतित्रने गोल करून कॅलेला आघाडी मिळवून दिली. मध्यंतरानंतर लगेच आंत्वान सिबिएर्स्कीने बरोबरी साधली आणि सामना संपता संपता मिळालेल्या पेनल्टीवर त्यानेच दुसरा गोल केला. ती पेनल्टी रास्त होती काय, यावर पुढे बरीच चर्चा झाली. नाँत 2-1 असा जिंकला. परंतु वीस वर्षांचा विजयी कर्णधार मिकाएल लांद्रो याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्द बेक याला बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून चषक उंचावला.

योगायोग आणि रचना

या यशाला चमत्कार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यामागे स्पर्धेची रचना आहे. पहिल्या श्रेणीच्या साखळीत तेव्हा प्रत्येक संघाला 34 सामने खेळावे लागत. इतक्या सामन्यांत दैवाचे दान दोन्ही बाजूंना सारखे पडते आणि शेवटी पैशाचे बळच तक्त्यावर उतरते. बाद सामन्यात सारा हिशेब एकाच दिवशी चुकता होतो. त्यातून फुटबॉलमध्ये गोल थोडे. त्यामुळे एखादी चूक वा एखादा उत्तम क्षण निर्णायक ठरतो. दुबळ्याला जी संधी साखळीत मिळत नाही ती येथे मिळते. निकाल अनिश्चित असतो म्हणूनच प्रेक्षक येतात.

बड्यांना मात्र हीच अनिश्चितता गैरसोयीची वाटते. 1999 मध्ये साखळी, चषक आणि युरोपीय अजिंक्यपद अशी तिन्ही विजेतेपदे मिळवणाऱ्या मँचेस्टर युनायटेडने पुढच्या हंगामात इंग्लिश चषकातून माघार घेतली आणि जानेवारी 2000 मध्ये तो संघ ब्राझीलमधील जागतिक क्लब स्पर्धेस गेला. 2006 ची विश्वचषक स्पर्धा इंग्लंडला मिळावी या आशेने तेथील फुटबॉल संघटनेनेच त्यास उत्तेजन दिले होते. युनायटेड ब्राझीलमध्ये प्राथमिक गटातच गारद झाला आणि जुलै 2000 मध्ये विश्वचषकाचे यजमानपद जर्मनीच्या पदरात पडले. 1871-72 पासून चालत आलेल्या चषकात रिकामी झालेली जागा आधीच हरलेल्या संघांतून चिठ्ठी काढून डार्लिंग्टनला देण्यात आली. चषकाची प्रतिष्ठा ही सर्वांची सामायिक ठेव आहे. प्रत्येकजण खेळतो म्हणूनच ती टिकते. गतविजेत्याने ती सोडून जाण्यात नुकसान एका क्लबाचे नव्हे, साऱ्यांचे झाले.

संधी आणि साधने

तथापि कॅलेच्या कथेचा उत्तरार्ध विसरून चालणार नाही. 2008 मध्ये त्या शहरात 12 हजारांहून अधिक प्रेक्षकांचे नवे क्रीडागार उभे राहिले आणि 2000 च्या पराक्रमाची आठवण म्हणून त्याला 'महाकाव्य' या अर्थाचे नाव देण्यात आले. क्लब मात्र आर्थिक अडचणींतून वर आला नाही. 2017 मध्ये त्याचे दिवाळे निघून तो विसर्जित झाला. महाकाव्याची वास्तू राहिली. नायक उरला नाही. त्याउलट नाँतने 2000-01 मध्ये साखळीचे अजिंक्यपदही मिळवले.

यातून निघणारा निष्कर्ष काहीसा कटू आहे. खुली स्पर्धा दुबळ्याला संधी देते, साधने देत नाही. एका दिवसाच्या समतेने वर्षानुवर्षांची विषमता भरून निघत नाही. त्यासाठी उत्पन्नाच्या वाटपाची निराळी व्यवस्था लागते. प्रवेशपरीक्षा सर्वांना खुली केली की न्याय झाला, असे मानणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. पण म्हणून ती एका दिवसाची समता कवडीमोल ठरत नाही. बोर्दोचा पराभव झाला त्या रात्री, आपली पायरी ठरलेली आहे असे समजणाऱ्या एका शहराला ती पायरी ओलांडता येते, हे कळले. हे ज्ञान कोणत्याही क्लबाच्या जमाखर्चात लिहिले जात नाही. त्याचे मोल जाणणाऱ्यांनी संधीचे दार उघडे ठेवावे आणि त्या दारातून आत आलेल्यांच्या शिदोरीचीही काळजी वाहावी.