घरातली मनी आजारी पडते तेव्हा…

कुत्र्याला बरं नसलं की साऱ्या सोसायटीला कळतं. मांजराचं तसं नसतं. ते गुपचूप पलंगाखाली जाऊन बसतं, जेवायच्या वेळी येतं, बशी हुंगतं आणि परत जातं. घरच्यांना वाटतं, उन्हाळा आहे, भूक नसेल. मग एक दिवस उचलून घेताना हाताला पाठीचा कणा लागतो. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट बघून सांगतात, ‘‘दोन्ही किडन्या बऱ्याच निकामी झाल्या आहेत. औषधं देऊ, पण पूर्ण बरी होणार नाही.’’

बारा-तेरा वर्षं तुमच्या पायाशी झोपलेल्या, तुम्ही ऑफिसातून येण्याची वेळ ओळखणाऱ्या जिवाबद्दल हे वाक्य ऐकलं की पहिला विचार मनात येतो, ‘मला आधी का नाही कळलं?’

याचं उत्तर आधी देऊन टाकू. तुम्हाला कळलं नाही, कारण मांजराने कळू दिलं नाही. मांजर स्वतः शिकारी असलं तरी आकाराने लहान, म्हणजे मोठ्या प्राण्यांची शिकारही. दुखणं लपवणं ही त्याची लाखो वर्षांची सवय आहे. त्यात किडनीचा आजार मुळातच छुपा. किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढतच नाही. म्हणूनच वय ७-८ च्या पुढे गेलं की वर्षातून एकदा, आणि दहाच्या पुढे दोनदा, रक्त-लघवीची तपासणी करायला सांगतात. एसडीएमए नावाची चाचणी हा बिघाड क्रिएटिनिनच्या आधी दाखवू शकते. घरात दुसरं मांजर असेल, तर त्याच्यासाठी हे लक्षात ठेवा. नेहमीपेक्षा जास्त पाणी पिणं, लिटरमध्ये मोठाले ओले गोळे दिसणं, वजन उतरणं, अंगावरचे केस रुक्ष होणं आणि सकाळी सकाळी उलटी, ही सुरुवातीची लक्षणं.

डॉक्टरांना काय विचाराल?

धक्क्यात आपण नुसती मान डोलावून घरी येतो आणि मग रात्रभर मोबाईलवर शोधत बसतो. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा जा. पहिला प्रश्न, आजार अचानक आलेला आहे की जुना? अचानक बिघडलेली किडनी कधी कधी सावरते. पुष्पगुच्छातली मोठ्या पाकळ्यांची लिली चावली किंवा अंगावर पडलेला तिचा पराग चाटला, तरी मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडू शकते. घरात अशी फुलं होती का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. जुना आजार मात्र उलटत नाही, फक्त त्याचा वेग कमी करता येतो.

दुसरा प्रश्न, टप्पा कोणता? जगभरचे पशुवैद्य आयरिस या संस्थेने ठरवलेले ४ टप्पे मानतात. दुसऱ्या टप्प्यात सापडलेली मांजरं नीट काळजी घेतली तर बरेचदा दोन-तीन वर्षं चांगली जगतात. चौथ्या टप्प्यात हिशोब आठवड्यांचा, नाहीतर थोड्या महिन्यांचा असतो. ‘किडनी गेली’ या दोन शब्दांमध्ये एवढा मोठा फरक दडलेला आहे, म्हणून टप्पा विचारल्याशिवाय उठू नका. रक्तदाब मोजला का, हेही विचारा. या आजारात तो वाढतो आणि त्याने मांजराची दृष्टी एकाएकी जाऊ शकते.

तिसरा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, तो खर्चाचा. संकोच करू नका. दर महिन्याला किती लागेल, त्यातलं अत्यावश्यक काय आणि नाही केलं तरी चालेल असं काय, हे स्पष्ट विचारा. चांगला डॉक्टर यावर नाराज होत नाही. मोठ्या शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं असतात, जसं मुंबईत परळला, चेन्नईत वेपेरीला, बंगळुरूत हेब्बाळला. तिथे रांग असते, पण तपासण्या होतात आणि अनुभवी माणसं भेटतात. कर्ज काढून सलाइन चढवणं म्हणजेच प्रेम, असं काही नाही.

घरचा दवाखाना

आता रोजचं. या आजारात खरी लढाई जेवणाची असते. किडनीसाठीचं खास खाणं मिळतं, त्यात फॉस्फरस कमी असतो आणि त्याचा उपयोग होतो. पण ते एका दिवसात बदलू नका. जुन्या खाण्यात चमचाभर, मग दोन चमचे असं करत तीन-चार आठवडे घ्या. आणि मनीने ते साफ नाकारलं, तर तिच्या आवडीचं द्या. उपाशी मांजरापेक्षा ‘चुकीचं’ खाल्लेलं मांजर बरं. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, तर यकृतात चरबी साचून दुसराच जीवघेणा आजार उभा राहतो, म्हणून २४ तास पोटात काही गेलं नाही की डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा भूक नसते असं नाही, मळमळत असतं. ती बशीपाशी येते, ओठ चाटते, मान फिरवते. त्यावर औषध आहे. भूक वाढवणारंही आहे.

खाणं किंचित कोमट करा, वास सुटतो. मिशा टेकणार नाहीत अशी पसरट बशी घ्या. पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, पण जेवणाच्या बशीला लागून नको. मासे किंवा चिकन नुसतं उकडून त्याचं पाणी दिलं तर आवडीने पितात. मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या घरात फोडणीशिवाय काही शिजतच नाही, म्हणून आजीच्या हातचा रस्साभात आता बंद. आजीला हे समजावणं डॉक्टरांना समजून घेण्यापेक्षा अवघड असतं, हे मान्य.

गोळी आवडत्या खाण्यात लपवून देऊ नका. एकदा कडू लागलं की ते खाणंच ती सोडते. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलमध्ये गुंडाळा, गोळी जिभेच्या मागच्या बाजूला ठेवा आणि पाठोपाठ सुई नसलेल्या सिरिंजने थोडं पाणी द्या. माणसाचं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

बऱ्याच मांजरांना कातडीखाली सलाइन द्यावं लागतं. ऐकून अंगावर काटा येतो, पण डॉक्टरांकडून एकदा नीट शिकून घेतलं की हे घरी जमतं. हैदराबादला राहणारी माझी एक मैत्रीण रक्त बघूनही चक्कर येणारी. तिने चौदा वर्षांच्या मांजरीला सात महिने दिवसाआड सलाइन दिलं. पिशवी कोमट पाण्यात बुडवून गरम करायची, पडद्याच्या दांडीला टांगायची, मांजर मांडीवर घ्यायचं, खांद्यांच्या मधली सैल कातडी तंबूसारखी उचलून सुई आत सरकवायची. खांद्यावर पाण्याचा फुगा येतो आणि काही तासांत जिरतो. तिची मांजर नंतरनंतर सलाइनची वेळ झाली की स्वतःच मांडीवर येऊन बसायची. किती मिली आणि किती दिवसांनी हे मात्र डॉक्टरच ठरवतील. हृदय कमजोर असेल तर जास्तीचं पाणी घात करतं.

हे सगळं एकट्याने करू नका. घरात वाटून घ्या. सकाळची गोळी मुलाकडे, लिटर नवऱ्याकडे, सलाइन तुमच्याकडे. ‘‘मांजरच तर आहे, एवढं काय?’’ म्हणणारं घरात एकजण असतंच. त्याच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. पाण्याची भांडी भरायचं काम त्याला द्या.

किती दिवस?

हा प्रश्न रात्री दोनला पडतो. उपचार चालू आहेत, पण हे तिच्यासाठी की माझ्यासाठी?

अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक साधी मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल, तर जगणं सुसह्य आहे असं मानतात. वेदनेच्या रकान्यात वेदना नीट आटोक्यात असेल तर जास्त गुण, आणि श्वास सहज चालतो का हेही तिथेच बघायचं. एकाच दिवसाच्या गुणांवर जाऊ नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण करा, चांगला दिवस किंवा वाईट दिवस. तिच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहून ठेवा, खिडकीत ऊन खाणं, दार वाजलं की धावणं, सुकटीच्या डब्याचा आवाज ओळखणं, असं काहीही. त्या तिन्ही सुटल्या की कॅलेंडर बघा.

एक सूचना, गुरगुरण्यावर विसंबू नका. मांजर दुखत असतानाही गुरगुरतं. तोंड उघडून धाप टाकणं, मागचे पाय एकाएकी लुळे पडून किंचाळणं, लघवीसाठी जोर करूनही थेंब न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

मग डॉक्टर ‘शांतपणे झोपवण्या’बद्दल बोलतात. इथे आपल्या घरांत फार घालमेल होते. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे ऐकत आपण वाढलो. सटवाईचं म्हणजे षष्ठीदेवीचं वाहनही मांजर. सासूबाईंना ‘इंजेक्शन’ हा शब्दच सहन होत नाही, तर मुलीला तिचे हाल बघवत नाहीत. माझं मत विचाराल, तर ती समजूत खोडीने, रागाने मांजर मारणाऱ्याला धाक बसावा म्हणून आहे. वेदना थांबवण्याचा दुसरा मार्ग उरला नसताना घेतलेल्या निर्णयाला ती लागू होत नाही. पण ज्या घराला हे पटत नाही, त्यांनाही दोष देऊ नये. त्यांनी डॉक्टरांकडून वेदनाशामक आणि मळमळीची औषधं शेवटपर्यंत चालू ठेवावीत. ‘नैसर्गिक मरण’ म्हणजे औषध बंद करून कोपऱ्यात ठेवणं नव्हे. आणि आजारी मांजर मासळी बाजारात सोडून येणं, ज्याला काहीजण ‘देवाच्या हवाली’ म्हणतात, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

इंजेक्शन द्यायचं ठरलं, तर आधी काय होतं ते जाणून घ्या. आधी गुंगीचं औषध देतात, ती गाढ झोपते. मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस, आणि थोड्याच वेळात हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. एखादा खोल श्वास आल्यासारखं होतं, लघवी होते. हे दुखण्याचं लक्षण नव्हे. काही डॉक्टर घरी येतात, चौकशी करून ठेवा. तुम्ही जवळ थांबायचं की नाही, हे तुमच्या मनावर आहे. थांबलात तर तिच्या अंगावर हात ठेवून नेहमीच्या आवाजात बोला.

पुढची व्यवस्थाही आधीच विचारून ठेवा, त्या क्षणी काही सुचत नाही. मुंबई महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय २०२३ मध्ये सुरू केली. इतर शहरांत काही ठिकाणी महापालिकेची, काही ठिकाणी प्राणिमित्र संस्थांची सोय असते. गावाकडे स्वतःची जागा असेल, तर विहिरीपासून दूर, खोल खड्डा घ्या.

मुलांना काय सांगाल?

खरं सांगा. ‘झोपली’ सांगितलं तर लहान मूल स्वतः झोपायला घाबरतं. ‘पळून गेली’ सांगितलं तर ते रोज गॅलरीत उभं राहतं. ‘‘मनी मेली. तिचं शरीर फार आजारी होतं, डॉक्टरकाकांनाही बरं करता आलं नाही. ती आता परत येणार नाही,’’ एवढं पुरे. शक्य असेल तर आधीच सांगा, म्हणजे मुलाला तिला डोळे भरून बघता येईल. तुमच्या डोळ्यांतलं पाणी मुलांना दिसलं तरी बिघडत नाही.

तुमचं स्वतःचं दुःख मात्र लोकांना दिसणार नाही. मांजर गेलं म्हणून ऑफिसात रजा मिळत नाही, कोणी भेटायला येत नाही. अशा, समाज ज्याला दुःख मानतच नाही अशा दुःखावर अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं, म्हणजे ते तुमच्या एकट्याचं वेड नाही. ज्याला मांजराचं प्रेम ठाऊक आहे, अशा एका माणसाला फोन करा. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे हरवलं, तर समुपदेशकाकडे जा.

घरातलं दुसरं मांजर काही दिवस शोधत फिरेल, ओरडेल, कमी खाईल. मनीची चादर लगेच धुऊ नका, तिला वास घेऊ द्या. शेजारीण दुसऱ्याच दिवशी पिल्लू घेऊन आली, तर तिला चहा द्या आणि पिल्लू परत पाठवा. घरातली सगळी माणसं ‘आता आणूया’ म्हणतील तेव्हाच आणा.

उरलेलं किडनीचं खाणं, न फोडलेल्या सलाइनच्या पिशव्या दवाखान्यात नेऊन द्या, तिथे कोणाला तरी त्यांची गरज असतेच. आणि त्याच फेरीत काउंटरवर सांगून लसीच्या आठवणीच्या यादीतून मनीचं नाव काढून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी, तुम्ही जरा सावरलेले असताना, ‘मनीच्या लसीची तारीख जवळ आली आहे’ असा मेसेज मोबाईलवर येतो.