कायद्याचे अध्यापक ते राष्ट्रपती : डॉ. शंकर दयाळ शर्मा

जन्म : १९ ऑगस्ट १९१८, भोपाळ.

शिक्षण व अध्यापन : आग्रा, अलाहाबाद आणि लखनौ येथे शिक्षण. केंब्रिजमधून कायद्यात डॉक्टरेट. लखनौ विद्यापीठात व केंब्रिजमध्ये कायद्याचे अध्यापन.

राजकारण
- १९५२-५६ : तत्कालीन भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री.
- १९७२-७४ : काँग्रेसचे अध्यक्ष.
- १९७४-७७ : केंद्रीय दळणवळण मंत्री.
- १९८४-८७ : आंध्र प्रदेश, पंजाब आणि शेवटी महाराष्ट्राचे राज्यपाल.
- १९८७-९२ : उपराष्ट्रपती.
- २५ जुलै १९९२ ते २५ जुलै १९९७ : भारताचे नववे राष्ट्रपती. या काळात वाजपेयी, देवेगौडा आणि गुजराल या तीन पंतप्रधानांना शपथ दिली.

ओमानशी संबंध : राष्ट्रपती असताना ओमानचा राजकीय दौरा. तेव्हा तेथे सुलतान काबूस बिन सईद यांची राजवट होती (१९७०-२०२०). त्यांचे वडील सुलतान सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजचे विद्यार्थी. काबूस यांचे लष्करी शिक्षण ब्रिटनमधील सँडहर्स्टला झाले.

दोन राष्ट्रप्रमुख, दोन पद्धती
- भारत : राष्ट्रपती पाच वर्षांसाठी निवडले जातात. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो.
- ओमान : सुलतानपद वंशपरंपरागत. राष्ट्रप्रमुखपद आणि सर्वोच्च सत्ता एकाच व्यक्तीकडे. ११ जानेवारी २०२० पासून हैथम बिन तारिक सुलतान आहेत.

ओमानमधील उच्च शिक्षण : मस्कतजवळचे सुलतान काबूस विद्यापीठ १९८६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डॉ. शर्मा महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

निधन : २६ डिसेंबर १९९९, नवी दिल्ली.